खालच्या खाचेपर्यंत

व्हॉस, १४ सप्टेंबर १९८६

प्रिय बोर्गिल्ड,

तुझं पत्र मिळालं. हंडा न्यायला कधी येऊ, हे तू पहिल्याच ओळीत विचारलंस ते बरं केलंस. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करून मग हंड्यावर आली असतीस तर मला जास्त राग आला असता.

तू म्हणतेस ते खरं आहे. तुमच्या आईने सांगून ठेवलं होतं की ज्या घरात ख्रिसमसची बिअर होते त्या घरात हंडा राहील, आणि ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी तो दुसऱ्या भावंडाकडे जाईल. माझा सेवाट मार्चमध्ये गेला. आता भावंड म्हणजे तू. आणि तुझ्या मुलाला, आर्विदला, तो त्याच्या हॉटेलच्या दारात ठेवून त्यात नेचे लावायचे आहेत, हेही कळलं.

पण आई 'ज्या घरात' म्हणाली होती. 'ज्या पुरुषाच्या हातून' असं म्हणाली नव्हती. मी तेव्हा तिथेच बसून बटाटे सोलत होते, मला नीट आठवतं. तेव्हा या वर्षी बिअर मी करणार. थॉमसच्या दिवसाच्या आत, म्हणजे एकवीस डिसेंबरच्या आत, जशी इथे सगळ्यांच्या घरात होते तशी. हसून झालं असेल तर पुढे वाच.

पस्तीस वर्षं मी त्या कामात लाकडं वाहिली, भांडी घासली आणि बाजूला उभी राहिले. माझ्याकडे आता आहे ते एवढं: हंडा, सेवाटची मोजायची काठी, जिच्यावर दोन खाचा आहेत, माळ्यावर टांगलेली यीस्टची माळ, म्हणजे ते लाकडी मण्यांचं कडं ज्याच्यावर गेल्या वर्षीचं यीस्ट वाळून बसलंय, आणि त्याची वही. वहीत मला वाटलं होतं बरंच काही असेल. दर वर्षी तारीख आहे आणि खाली एकच मजकूर: 'वरची खाच. चार तास. खालची खाच. यीस्ट. आरोळी.' माझ्याशी तो याहून जास्त बोलायचा, पण फार नाही.

फोन करू नकोस म्हणतेस, ऐकू येत नाही म्हणून. बरंच आहे. पत्रात मला मधे तोडता येणार नाही तुला.

तुझी,
सिग्नी


बर्गन, २१ सप्टेंबर १९८६

प्रिय सिग्नी,

हसून झालं. दोनदा हसले, दुसऱ्यांदा आर्विदला वाचून दाखवताना.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी बिअरचं लाकडी पिंप हिरव्या साबणाने घासून चकचकीत केलं होतंस, हे मी विसरलेले नाही. त्या पिंपात पन्नास वर्षांची चव मुरली होती. त्या ख्रिसमसला आम्ही सगळे फेस पुसत बसलो होतो आणि तो फेस बिअरचा नव्हता. आणि आता तू बिअर करणार.

कर. मी आड येत नाही. एकवीस डिसेंबरला मी येईन आणि चाखेन. बिअर झाली असेल तर हंडा तुझा. सरबत झालं असेल तर आर्विद गाडी घेऊन येईल.

आणि नणंद म्हणून दोन गोष्टी फुकट सांगते. लाकूड आल्डरचं घे, दोन उन्हाळे वाळलेलं. ज्युनिपरच्या फांद्या पाण्यात आधी उकळ आणि त्याच पाण्यात मोडाच्या सातूचं मॉल्ट भिजव. बाकी काठीवर विश्वास ठेव. ती काठी सेवाटने स्वतः कोरलीय आणि तो मोजण्यात कधी चुकला नाही. बोलण्यात चुकायचा, मोजण्यात नाही.

बोर्गिल्ड


व्हॉस, ८ ऑक्टोबर १९८६

प्रिय बोर्गिल्ड,

तुला आनंद होईल अशी बातमी आहे.

मी शहाणपणा केला. वाटलं, एकदम दीडशे लिटरचा हंडा लावून फजिती करून घेण्यापेक्षा आधी अर्धा लावून बघावा. मॉल्ट अर्धं, पाणी अर्धं, ज्युनिपर अर्धं. मॉल्टचा गोड रस गाळून हंड्यात घेतला तेव्हा पंचाहत्तर लिटर होता. खाली आल्डरचा जाळ केला आणि वहीत लिहिल्याप्रमाणे घड्याळ लावून चार तास उकळला. मधल्या वेळात सेवाटच्या ओंडक्यावर बसून पुस्तक वाचत होते, स्वतःवर खूष होते. चार तासांनी काठी घातली. काठी उभी राहिली. मी सोडून दिली तरी उभीच.

पंचाहत्तरचे सत्तावीस लिटर झाले होते, काळे, आणि तळाला लागलेले. ते यीस्टला दाखवायचीही मला लाज वाटली. अर्धं मी पावात घातलं आणि अर्धं बरण्यांत भरलंय. या हिवाळ्यात मला खोकला झाला तर औषधाची ददात नाही.

मग पुस्तकांची बस आली, दर दुसऱ्या गुरुवारी येते ती. तिथल्या मुलीने मला बिअरवरचं एक जाडजूड डॅनिश पुस्तक काढून दिलं. त्यात एका वाक्यात माझी अक्कल काढलेली आहे. वाफ ही हंड्याच्या तोंडातून जाते. तोंड जेवढं रुंद आणि जाळ जेवढा मोठा, तेवढी तासाला वाफ. आत किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. आत अर्धं असलं म्हणून ती अर्धी होत नाही. हे मला पस्तीस वर्षं मटणाचा रस्सा आटवताना ठाऊक होतं, फक्त बिअर म्हटल्यावर मी ते विसरले, कारण बिअर म्हणजे पुरुषांचं काहीतरी गूढ असणार असं धरून चालले होते.

पुढच्या वेळी पूर्ण हंडा.

तुझी,
सिग्नी

ता. क. सेवाटचा कोट अजून बिअरच्या खोपीत खिळ्यावर आहे. उकळत असताना त्याला वाफेने ओल येते आणि त्याचा वास खोलीभर होतो. मी तो आत नेणार होते. नाही नेला.


बर्गन, १५ ऑक्टोबर १९८६

प्रिय सिग्नी,

काठी उभी राहिली हे आर्विदला तीनदा वाचून दाखवलं. त्याने दारातली जागा मोजून घेतली आहे.

पूर्ण हंडाच लाव. सेवाटने आयुष्यात कधी कमी लावला नाही, त्याला सगळीकडे पुरवायचं असायचं. लहानपणी वडील रस उकळायला बसले की तो वाटी घेऊन हंड्याशी उभा राहायचा. वडील म्हणायचे, "तासाला बारा लिटर वाफ नेते आणि चार लिटर हा." त्याच्या जिभेला कायम फोड असायचा.

आणि बरण्या फेकू नकोस. मी येईन तेव्हा एक मला दे. खोकला मलाही होतो.

बोर्गिल्ड


व्हॉस, ३ नोव्हेंबर १९८६

प्रिय बोर्गिल्ड,

हे पत्र लांबणार आहे. बसून वाच.

गेल्या महिन्यात, अठराला, मी पूर्ण हंडा लावला. वरच्या खाचेपर्यंत बरोब्बर, म्हणजे दीडशे लिटर. लाकूड वाळलेलं, जाळ मोठा, वारा नाही. चार तासांनी काठी घातली, तर रस कुठे? दोन्ही खाचांच्या मधे. खालच्या खाचेच्या चांगला सहा बोटं वर.

तूच म्हणालीस काठीवर विश्वास ठेव. ठेवला. खाच येईपर्यंत जाळ घालत राहिले. पावणेसहा तास लागले. तोवर रंग जुन्या घोंगडीसारखा झाला. कोमट झाल्यावर यीस्टची माळ सोडली. आरोळी मारायची असते ते मला माहीत आहे, जेवढी मोठी आरोळी तेवढी जोरकस बिअर, पण रिकाम्या खोपीत एकटीने ओरडायचं म्हणजे काय, तूच सांग. मी घसा साफ केला आणि 'हं' म्हटलं. यीस्टने दोन दिवस त्या 'हं'पुरतंच काम केलं आणि थांबलं. चाखून बघितलं. सरबत. तुझा शब्द.

मग मी हट्टाला पेटले. दोष कुठे आहे ते शोधायचं ठरवलं. तीन दिवस हंड्यात नुसतं पाणी उकळलं, तासातासाला मोजलं. तीन दिवस धुराडं पेटलेलं बघून रस्त्याने जाणारे टोपी काढून मला सलाम करत होते. त्यांना वाटलं असेल की सेवाटची बायको दुःखात रोज एक हंडा बिअर पिते. आकडा दर वेळी तोच आला. तासाला बारा लिटर. तुझ्या वडिलांचाच आकडा. म्हणजे चार तासांत अठ्ठेचाळीस. दीडशेतून अठ्ठेचाळीस गेले की एकशे दोन उरायला हवेत. पण काठीची खालची खाच ब्याऐंशी लिटरवर आहे. मी बादलीने पाणी ओतून ओतून मोजलं.

वीस लिटरचा हिशेब लागत नाही, बोर्गिल्ड. दर वर्षी.

पुस्तकात लिहिलंय की उकळता रस थंड रसापेक्षा वर दिसतो, शंभरात चार लिटर. पण दोन्ही खाचा उकळत असतानाच बघायच्या असतात, तेव्हा तो प्रश्न मिटला. मग वाटलं हंडा गळतोय. तोंड दाराकडे करून तो आडवा केला आणि उजेड कुठून दिसतो ते बघायला आत शिरले. शिरले ती खांद्यापर्यंत नीट, आणि मग कंबर. एकसष्टाव्या वर्षी आपली कंबर किती आहे हे तांब्याच्या भांड्याकडून कळावं! अशात पोस्टमन आला. हंड्यातून दोन पाय बाहेर आलेले बघून तो म्हणाला, "सिग्नी, पत्र आहे. आत देऊ का?" त्याने मला पायांना धरून बाहेर काढलं आणि वर विचारलं, "काही सापडलं का?" भोक नव्हतं. हंड्याला काही झालेलं नाही, आर्विदला सांग, नेचे मजेत राहतील.

ते वीस लिटर म्हणजे नेमकी आपली दुधाची बादली. तशीच्या तशी. म्हणून विचारते. मला आठवतंय, उकळणीला तिसरा तास लागला की दर वर्षी सेवाट म्हणायचा, "सिग्नी, आत जा आता. रोट्या लाट. इथे धुराने डोळे जातील तुझे." आणि मी जायचे. माझ्या डोळ्यांची काळजी करतो म्हणून मनातून सुखावायचे, आणि तासभर रोट्या लाटायचे. तो वीस लिटर गरम रस एकटा पिऊ शकत नव्हता. मग काय करत होता?

तुला काही ठाऊक असेल तर सांग. नसेल तरी आता उशीर झालाय. कारण मुख्य गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. यीस्टची माळ मी वाळवायला चुलीच्या धुराड्याच्या नळीवर टांगली आणि विसरले. नळी लाल झाली होती. मणी करपले. साखरेच्या कोमट पाण्यात दोन दिवस ठेवून बघितली, एक बुडबुडा नाही. त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं यीस्ट मी भाजून मारलं. साबणाने फक्त पिंप गेलं होतं.

आर्विदला म्हणावं, गाडी पाठव. मी हंडा घासून ठेवते. साबणाशिवाय.

सिग्नी


बर्गन, २४ नोव्हेंबर १९८६

प्रिय सिग्नी,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. ते मी घड्याळाखाली ठेवलं होतं. रोज बघायची आणि पुन्हा ठेवायची. गप्प बसले असते तर हंडा घरी आला असता. मला तो हवाच होता, खोटं कशाला बोलू. त्या हंड्याशेजारी माझं बालपण गेलं आणि हॉटेलच्या दारात का होईना, रोज दिसला असता.

पण त्याच घड्याळाखाली सेवाटचा फोटो आहे आणि तो माझ्याकडे बघत होता. म्हणून सांगते. त्याला मी शब्द दिला होता की तुला कधी सांगणार नाही. तू विचारलंस, मी मोडतेय.

ती बादली मिकेलकडे जायची. पुलापलीकडच्या मिकेलकडे.

थांब, पत्र फाडू नकोस.

तुझ्या साबणानंतरच्या वर्षी एका लग्नात तो सगळ्यांसमोर म्हणाला होता ना, "सेवाटच्या घरची बिअर प्यायली की पोटाची अंघोळ होते"? सगळा मांडव हसला आणि तू तिथेच उभं राहून सांगितलंस की तू जिवंत असेपर्यंत आमच्या घरच्या बिअरचा थेंब पुलापलीकडे जाणार नाही. मीही हसले होते, तेही आज सांगून टाकते.

पुढे त्रेपन्नच्या पुरात त्याची खोप वाहून गेली. हंडा, पिंप, माळ, सगळं. दुसरा हंडा घेणं त्याला कधी जमलं नाही. त्या वर्षी सेवाट मला म्हणाला, "माणसाने एकदा विनोद केला म्हणून त्याचा ख्रिसमस कायमचा कोरडा जावा का?" मी म्हटलं, बायकोला सांग. तो म्हणाला, "तिने शब्द दिलाय. तिचा शब्द मी मोडायला लावणार नाही. मी बिअर देतच नाहीये, उकळता रस देतोय. बिअर तो तिकडे करेल." भाऊ माझा असा वकील होता.

तेव्हापासून तिसऱ्या तासाला एक बादली रस पुलापलीकडे जायचा, आणि तू रोट्या लाटायचीस. उरलेला रस चौथ्या तासाला खालच्या खाचेला यायचा. खाच त्याने त्याच हिशेबाने कोरली होती. तू बादली काढली नाहीस, ते वीस लिटरही वाफेवर घालवलेस, म्हणून रस घट्ट झाला आणि यीस्ट दमलं. तुझं मोजणं बरोबर होतं.

आणि आता महत्त्वाचं. पहिल्या वर्षी त्याने बादलीसोबत माळेतले चार मणीही नेले. मिकेलने त्यावरून स्वतःची माळ केली, दर वर्षी ताजी करत आला. म्हणजे आजोबांचं यीस्ट जिवंत आहे. पुलापलीकडे.

पुढचं तू बघ. मी एकवीसला येणार आणि चाखणार, ते ठरलं तसंच आहे.

बोर्गिल्ड


व्हॉस, २८ नोव्हेंबर १९८६

बोर्गिल्ड,

तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षं मी रोट्या लाटल्या.

तुम्ही दोघं बहीणभाऊ एका मातीचे. लग्नात मी रडत घरी आले तेव्हा त्याने माझे बूट काढून दिले होते आणि मिकेलला गाढव म्हणाला होता. दोन वर्षांनी त्याच गाढवाला बादली! आणि मी दर ख्रिसमसला त्याला म्हणत राहिले, "बघ, त्या माणसाकडे एक थेंब गेला नाही," आणि तो म्हणायचा, "नाही, बिअरचा एक थेंब नाही." अगदी गंभीर चेहऱ्याने.

मी त्याच्यावर ओरडायला खोपीत गेले. कोट होता. कोटावर काय ओरडणार.

मी पूल ओलांडणार नाही. एकवीसला येऊ नकोस. आर्विदलाच पाठव.

सिग्नी


बर्गन, २ डिसेंबर १९८६

सिग्नी,

तिकीट काढलंय. वीसची संध्याकाळची गाडी. परत करता येत नाही म्हणतात, आणि मला तर काय म्हणतात ते ऐकूही येत नाही.

बोर्गिल्ड


व्हॉस, १४ डिसेंबर १९८६

प्रिय बोर्गिल्ड,

तू येशील तेव्हा तोंडाने सांगताना मला ओरडून सांगावं लागेल आणि माझ्या घशात आता आवाज उरलेला नाही. का ते पुढे कळेल. म्हणून लिहिते.

मंगळवारी पूल ओलांडला. रागावूनच गेले होते. दोन वाक्यं पाठ केली होती. मिकेलने दार उघडलं, एकोणऐंशी वर्षांचा, हातात काठी, आणि म्हणाला, "सिग्नी. अंत्ययात्रेत मी मागच्या रांगेत होतो. पुढे आलो असतो तर तू हाकललं असतंस."

मी म्हटलं, "असतंच."

"मग मागेच बरा होतो. आत ये, दाराने ऊब जातेय."

स्वयंपाकघरात बसलो. त्याने कॉफी ओतली. माझी पाठ केलेली वाक्यं कुठे गेली कळेना. मी म्हटलं, "तुझ्याकडे आमचं यीस्ट आहे म्हणे."

"आहे."

"माझं मेलं. मी भाजलं."

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता लग्नातल्यासारखं काहीतरी येणार, आणि मी बूट घालायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "साबणापेक्षा बरं. निदान अंघोळ न करता मेलं."

आणि बोर्गिल्ड, मी हसले. कॉफी नाकात गेली. पस्तीस वर्षं ज्या विनोदावर मी रागावून होते त्याचा दुसरा भाग ऐकून मला ठसका लागेपर्यंत हसू आलं. तोही हसला, त्याला दात तीनच आहेत. मग दोघांनाही थांबता येईना आणि शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं.

त्याने माळ काढून दिली, कोरडी, पांढरी, कागदात गुंडाळलेली. म्हणाला, "चार मणी मी ठेवून घेतलेत, बाकी तुझी. तुझ्याच घरची आहे." मी विचारलं, या वर्षी तू काय करणार होतास? तो म्हणाला, "काही नाही. सेवाट नाही म्हणजे नाही. दूध पिणार होतो."

निघताना त्याने आणखी एक सांगितलं. सेवाट यीस्ट टाकून आरोळी मारायचा ती नदीपलीकडे ऐकू यायची, आणि ती ऐकली की मिकेल स्वतःच्या पिंपात यीस्ट टाकायचा. आधी नाही. त्याचं पिंप लहान, लवकर निवतं, म्हणून तो घोंगड्या पांघरून ठेवतो आणि वाट बघतो. "एकत्र टाकायचं असं ठरलं होतं आमचं. तू ओरडलीस की मी टाकेन." मी म्हटलं, मला ओरडता येत नाही. तो म्हणाला, "मग माझी बिअर होणार नाही," आणि दार लावून घेतलं.

काल हंडा लावला. वरची खाच. पहिला तास, दुसरा तास, काठी अगदी जिथे हवी तिथे. तिसऱ्या तासाला मी कोटाकडे बघून म्हटलं, "आता तू आत जा. रोट्या लाट." आणि बादली भरली.

उकळता रस भरलेली बादली बर्फावरून नेणं म्हणजे काय ते मला आता कळलं. त्याचा उजवा खांदा डिसेंबरात का दुखायचा ते कळलं. मी त्याला लाकडं फोडल्याने दुखतो म्हणून शेक द्यायचे. पुलाच्या मधोमध मी घसरले. पडले नाही, पण बादली हेंदकाळली, आणि जी वाफ उठली तिच्यात मला थोडा वेळ काहीच दिसेना. मिकेल दारात उभाच होता. त्याने झाकण उचललं, आत बघितलं आणि म्हणाला, "सेवाटची याहून भरलेली असायची."

मी म्हटलं, "सेवाटला तेहतीस वर्षांची सवय होती. मला पहिल्या दिवशी नावं ठेवू नकोस."

परत आले, जाळ सारखा केला. चौथा तास संपला तेव्हा काठी घातली. खालच्या खाचेवर. नखभर वर नाही, नखभर खाली नाही. मी काठी धरून तशीच उभी राहिले. रंग त्याच्या बिअरचा होता.

निवायला वेळ लागला. मग माळ सोडली आणि दारात जाऊन उभी राहिले. बाहेर उजेड जायला आला होता. पहिल्यांदा ओरडले ते मांजराला हाक मारल्यासारखं झालं. पलीकडून काही नाही. दुसऱ्यांदा जरा बरं. काही नाही. त्या म्हाताऱ्याचा रस घोंगड्यांखाली निवत चालला होता, आणि मी दारात लाजत उभी. मार्चपासून मी घरात मोठ्याने एक शब्द बोलले नव्हते, बोर्गिल्ड. कोणाशी बोलणार? चर्चमध्येही नुसते ओठ हलवले.

तिसऱ्यांदा जे निघालं ते माझं आहे असं मला वाटलं नाही. खोपीतली कढई वाजली. वरच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. त्यात सेवाटचं नाव होतं की नव्हतं ते मला सांगता येणार नाही. संपलं तेव्हा मी चौकटीला धरून उभी होते आणि श्वास लागला होता.

आणि मग नदीपलीकडून उत्तर आलं. चिरकं, म्हातारं, पण लांब.

आज सकाळी पिंपावर हातभर फेस आहे. साबणाचा नाही. मी तपासला.

ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. घसा बसलाय, तेव्हा तुला वाटेल तूच पुरती बहिरी झालीस, पण तसं नाही.

तुझी,
सिग्नी


बर्गन, २८ डिसेंबर १९८६

प्रिय सिग्नी,

घरी पोचले. बाटली गाडीत फसफसली आणि माझ्या कोटाला आता व्हॉसचा वास येतो. शेजारी बसलेल्या बाईंनी जागा बदलली.

तिथे पेला संपवून मी नुसती मान हलवली आणि तू बिचारी तासभर माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. आता लिहून देते, म्हणजे कागद राहील. सेवाटच्या बिअरपेक्षा किंचित गोड आहे. रोट्या कडक झाल्या होत्या, त्या बाबतीत तुझी सवय मोडलेली दिसते. बिअर मात्र बिअर आहे. मिकेल त्याच्या बिअरचा जग घेऊन पूल ओलांडून आला आणि दोन्ही चाखून म्हणाला की त्याचीच जास्त चांगली झालीय, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासाठी मी दुप्पट भाडं दिलं असतं.

हंडा तिथेच राहू दे. आर्विदने हॉटेलच्या दारात दुधाचा जुना पत्र्याचा कॅन ठेवलाय, नेच्यांना काही फरक पडलेला नाही.

एक काम कर. पुढच्या वर्षी रस वरच्या खाचेच्या दोन बोटं वर भर. उतू जाणार नाही असा जाळ ठेव. दोन बोटं म्हणजे सहा-सात लिटर होतात, मी लहानपणी मोजलंय. चौथ्या तासाला खालची खाच यायच्या आधी तेवढा रस बाजूला काढ, आणि चार मणी. बर्गनला माझ्याकडे एक लहान पिंप आहे. आर्विदला यातलं काही सांगू नकोस.

आरोळी मात्र तुला पत्रात पाठवावी लागेल.

बोर्गिल्ड